फायबर चौदा महिने वापरलं: काचेला पाच स्टार, विकणाऱ्यांना फार तर दोन

घरात आलेली ती पातळ पांढरी वायर, तिच्या टोकाचा डबा आणि त्यावर मिळणारं इंटरनेट, या सगळ्याचा चौदा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू आहे हा. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाहीये, एक तर माझ्या बऱ्याचशा तक्रारी कुठल्याही कंपनीला चिकटवता येतील अशा आहेत आणि दुसरं म्हणजे ज्याचं कौतुक करायचंय ती कंपनी नाहीच, ती काच आहे. घाईत असाल तर एवढंच वाचा: फायबर मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, पण प्लॅन घेताना डोळे उघडे ठेवा.

आधी काय होतं ते सांगतो म्हणजे तुलना कळेल. आधी टेलिफोनची तांब्याची लाइन होती, तिच्यावर व्हीडीएसएल, म्हणजे फोनच्याच तारेवरून येणारं इंटरनेट. जाहिरातीत "१०० पर्यंत" आणि सगळी मेख त्या "पर्यंत"मध्ये, मला मिळायचे सेकंदाला चाळीस मेगाबिटच्या आसपास, जॉइंटमध्ये पाणी गेलं की पंचवीस. तांब्याचं असंच असतं, रस्त्यावरच्या कॅबिनेटपासून जितके लांब तितका सिग्नल मरतो, व्हीडीएसएलचा खरा जोर पहिल्या काहीशे मीटरपर्यंतच, त्यापुढे किलोमीटरभर गेलात की नाव व्हीडीएसएल आणि चाल जुन्या एडीएसएलची. त्यात एका केबलमध्ये सगळ्या शेजाऱ्यांच्या तारांच्या जोड्या एकमेकींना खेटून असतात, एकीचा आवाज दुसरीत शिरतो. त्यावर व्हेक्टरिंग नावाचा उपाय निघाला, कॅबिनेटमधलं मशीन हा सगळा गोंगाट मोजतं आणि उलटा सिग्नल टाकून मारतं. भारी आहे, पण त्यासाठी केबलमधल्या सगळ्या जोड्या एकाच कंपनीच्या मशीनवर पाहिजेत. आता बघा, कित्येक देशांत नियामकांनी वर्षानुवर्षं भांडून जुन्या टेलिफोन कंपनीला आपलं तांबं इतरांना भाड्याने द्यायला लावलं होतं, आणि तंत्रज्ञान येऊन म्हणतंय की छे, मालक एकच पाहिजे. मला वाटायचं फायबर आलं की ही भानगड मिटली. नाही मिटली, ते पुढे येतंच.

बसवायला आलेला पोरगा मात्र एकदम कामाचा होता, त्याला वेगळे पाच स्टार. वायर सोलली, आतली काच स्पिरिटने पुसली, क्लीव्हरमध्ये धरून टक्कन कापली आणि दोन टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये ठेवली. छोट्या स्क्रीनवर दोन जाडजूड खांब समोरासमोर आले, प्रत्यक्षात ती काच १२५ मायक्रॉनची, साधारण केसाएवढी, आणि प्रकाश जातो तो गाभा त्यातला नऊएक मायक्रॉनचा. मशीनने ठिणगी टाकली, दोन खांबांचा एक झाला, खाली आकडा आला ०.०२. मी म्हटलं हे काय, तर म्हणाला, "लॉस आहे सर, पॉइंट झिरो टू डीबी, म्हणजे काहीच नाही." मग पॉवर मीटर लावला, उणे १९. "हा आकडा लिहून ठेवा सर, उद्या आमचेच लोक राउटर रीस्टार्ट करा म्हणतील ना, तेव्हा कामाला येईल." काय द्रष्टा माणूस!

त्या उणे १९चा अर्थ मी नंतर शोधून काढला. डब्यापर्यंत किती प्रकाश पोचतोय त्याचा तो आकडा, जितका जास्त उणे तितका प्रकाश कमी. दर तीन डीबीला प्रकाश अर्धा होतो. एक्स्चेंजमधून निघालेला प्रकाश वाटेत स्प्लिटरमध्ये ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो, या स्प्लिटरला वीजबीज काही लागत नाही, नुसती काच, आणि ३२ वाटे केले की तिथेच सतराएक डीबी जातात. त्यापुढे किलोमीटरमागे ०.३५च्या आसपास. माझ्या डब्याला साधारण उणे ८ ते उणे २७ यातलं काहीही चालतं, म्हणजे १९ वर निवांत. १९६६ मध्ये चार्ल्स काओ वगैरे मंडळी काचेतून संदेश पाठवायचं बोलत होती तेव्हा किलोमीटरला २० डीबीपर्यंत लॉस खाली आणता आला तरी धंदा जमेल असा हिशोब होता, पुढे २००९ मध्ये काओंना त्यावरच नोबेल मिळालं, आणि आज तेवढ्याच २० डीबीत प्रकाश पन्नासाच्या वर किलोमीटर जातो. स्प्लिटरमध्ये आपण एवढी उधळपट्टी करू शकतो ती त्यामुळेच.

आता स्पीड. लाइन जीपॉनची आहे, एकच काच बऱ्याच घरांत वाटायची ही पद्धत, म्हणजे खाली येताना सुमारे २.५ गीगाबिट आणि वर जाताना १.२५, आणि हे एकट्याचं नाही, स्प्लिटरवरच्या सगळ्या घरांत मिळून. खाली येणारा प्रकाश सगळ्यांच्याच डब्यात जातो, शेजाऱ्याचा डेटाही माझ्या भिंतीपर्यंत येतो, फक्त माझा डबा आपल्या नावाचा तेवढा उचलतो आणि बाकीचं किल्ली नसल्यामुळे उलगडत नाही. वर जाताना मात्र प्रत्येक डब्याला पाळी लावून दिलेली असते, सगळे एकदम बोलले तर प्रकाशावर प्रकाश पडून काहीच कळणार नाही. माझा प्लॅन ३०० मेगाबिटचा. ३२ घरांना ३०० म्हणजे ९६००, आणि पाइप अडीच हजाराचा, हिशोब बसत नाही असं वाटेल, पण सगळी घरं एकाच सेकंदाला पूर्ण नळ सोडत नाहीत हाच या धंद्याचा पाया आहे आणि तो खोटा नाही. मी रात्री नऊला, रविवारी, मॅचच्या वेळी, अशा मुद्दाम टेस्ट मारल्या, २८०च्या वरच. चौदा महिन्यांत दोनदा २००च्या खाली गेलं. इथे तक्रारीला जागाच नाही, तांब्यावरून आलेल्या माणसाला तर हे स्वर्गच.

पण अपलोड! ३०० खाली आणि ५० वर. का? तांब्यावर अपलोड कमी असायला कारण होतं, तिथे फ्रिक्वेन्सीच मोजक्या आणि त्यातला मोठा तुकडा डाउनलोडला दिलेला, केबल टीव्हीच्या नेटवर्कवरही तीच रड, वर जायला खालच्या कोपऱ्यातला एवढासा पट्टा. काचेवर असं काही नाही. जीपॉनचं प्रमाण दोनास एक, यांनी प्लॅनमध्ये केलं सहास एक. २०१६ मध्ये मानक झालेल्या एक्सजीएस पॉनमध्ये, म्हणजे जीपॉनच्या पुढच्या अवतारात, तर दोन्हीकडे १० गीगाबिट. म्हणजे ५० हा आकडा काचेने ठरवलेला नाही, कुणीतरी मीटिंगमध्ये ठरवलेला आहे, जास्त अपलोड हवं तर "बिझनेस" घ्या म्हणून. तीनशे जीबीचा फोटोंचा बॅकअप चढवायला मला तेरा तासांच्या वर लागले, आणि त्या तेरा तासांत घरातल्या बाकीच्यांनी मला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कारण बॅकअप चालू असताना व्हिडिओ कॉल म्हणजे नुसतं "हॅलो, आवाज येतोय का, तू अडकलायस". एरवी पिंग, म्हणजे पाठवलेल्याला उत्तर यायला लागणारा वेळ, ४ मिलिसेकंद, अपलोड सुरू झाला की १८०. मला आधी वाटलं लाइनच खराब, कस्टमर केअरचं म्हणणं की मोठा प्लॅन घ्या. दोघंही चूक. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये पाकिटांची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची, रांग एवढी लांब ठेवलेली असते की कॉलचं छोटं पाकीट बॅकअपच्या शेकडो पाकिटांच्या मागे उभं राहतं. याला बफरब्लोट म्हणतात, हे नाव येऊन दीड दशक होत आलं आणि त्यावरचं औषध, एफक्यू कोडेल, २०१८ मध्ये आरएफसी, म्हणजे इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज, म्हणून छापूनही झालंय, ते प्रत्येकाला वेगळी रांग देतं आणि फार वेळ खोळंबलेली पाकिटं टाकून देतं. मी एक जुना राउटर काढला, त्यात हे औषध असलेलं फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकलं, अपलोड ४५ वर बांधला आणि पिंग १५च्या आत आला. ५० पैकी ५ सोडले आणि घरात शांतता नांदली. तेच प्लॅन, तीच काच. २०२३ मध्ये याच्याही पुढचं एलफोरएस नावाचं प्रकरण आलंय, रांग वाढायच्या आधीच पाठवणाऱ्याला जरा दमाने घे म्हणून खूण करणारं, पण कंपन्या जुनंच औषध डब्यात घालत नाहीत तर नवं कधी घालणार. यापुढे ३०० चे ६०० आणि ६०० चे हजार केल्याने साध्या घरात फार काही फरक पडेल असं मला वाटत नाही, फरक या रांगेने पडेल, आणि नेमकं तेच जाहिरातीत लिहायला कुणी तयार नाही कारण ६०० च्या पुढे "रांग छोटी" हे दिसायला बावळट दिसतं.

सातव्या महिन्यात सकाळी डब्यावर लॉसचा लाल दिवा लुकलुकायला लागला. कस्टमर केअरला फोन. "सर, राउटर बंद करून तीस सेकंदांनी चालू करा." केलं. तिकडून ट्रान्सफर, दुसऱ्या मॅडम, पुन्हा तीस सेकंद. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "मॅडम, हा दिवा प्रकाश येत नाही म्हणून लागतो, मी इकडे हजारदा बंद-चालू केलं तरी तिकडून प्रकाश येणार आहे का?" त्या म्हणाल्या, "सर, प्रोसेस आहे." तीन दिवस गेले. मग लाइनमन आला, मीटर लावला, उणे २९. मी वहीतला उणे १९ दाखवला, तो काही बोलला नाही, सरळ खांबावरची पेटी उघडली. नवीन कनेक्शन देताना त्यांच्याच कुणीतरी माझी वायर झाकणात चिमटून ठेवली होती. काच तुटलेली नव्हती, नुसती फार वाकली होती, आणि काच वाकली की प्रकाश बाजूने गळतो. त्याने मोकळी केली, उणे १९.४. काम दोन मिनिटांचं, वाट तीन दिवसांची.

यातली चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. माझ्या डब्याला किती प्रकाश मिळतोय हे एक्स्चेंजमधल्या मशीनला इथून मागवून बघता येतं, कंपनीच्या स्क्रीनवर तो आकडा येऊ शकतो. म्हणजे सेवा देताना १९ चे २९ होतायत हे त्यांना माझ्या आधी कळायला हवं होतं. मॅडमच्या समोर तो आकडा नव्हता, समोर फक्त "तीस सेकंद" होतं.

अजून एक, वीज गेली की हे सगळं बंद. तांब्याच्या फोनला एक्स्चेंजमधूनच वीज यायची, घरात अंधार असला तरी फोन चालायचा, काचेतून वीज येत नाही. डब्याला आणि राउटरला छोटी बॅटरी लावा, मी लावलीय. ही बारीक गोष्ट वाटेल पण ब्रिटनमध्ये जुनी फोनसेवा बंद करायची तारीख डिसेंबर २०२५ वरून जानेवारी २०२७ वर ढकलली ती मुख्यतः घरात मदतीचं बटण घेऊन एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या काळजीपोटी, कारण त्यांची ती यंत्रं जुन्या लाइनवर चालतात.

आयपीबद्दल, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्याबद्दल, थोडक्यात. मला घरच्या कॅमेऱ्याला बाहेरून जोडायचं होतं, जमेना. बघतो तर राउटरचा पत्ता १०० पॉइंट ७० पॉइंट काहीतरी, म्हणजे सीजीनॅट, एका खऱ्या पत्त्यामागे कितीतरी ग्राहक कोंबलेले. आयपीव्ही४ चे पत्ते जागतिक कोठारातून २०११ च्या फेब्रुवारीतच संपले त्यामुळे कंपनीची ही मजबुरी समजू शकतो. पण मग आयपीव्ही६ द्या ना, त्या नव्या पद्धतीत पत्ते हवे तेवढे आहेत! ते नाही, स्टॅटिक आयपीचे, म्हणजे कायमच्या स्वतःच्या पत्त्याचे, वेगळे पैसे मात्र आहेत. अर्धा स्टार इथेच कापला.

"आता घ्यायचं की नवीन येईपर्यंत थांबायचं" असं जे विचारतात त्यांना: थांबू नका. काच तीच राहणार आहे, बदलतात ते दोन टोकांचे डबे. एक्सजीएस पॉन वेगळ्या रंगाचा प्रकाश वापरतं म्हणून त्याच वायरीवर जीपॉनच्या शेजारी सुखाने नांदतं, आणि ५० गीगाबिटच्या पॉनचं मानकही २०२१ मध्ये झालेलं आहे. केबलवाल्यांचं डॉक्सिस ४.०, म्हणजे टीव्हीच्या केबलवरून इंटरनेट द्यायचं नवं मानक, कागदावर १० गीगाबिट खाली आणि ६ वर जातं, पण त्यासाठी वाटेतले सगळे अॅम्प्लिफायर बदलत बसायचं. फाइव्ह जीचा घरगुती डबा चटकन बसतो, भाड्याच्या घराला उत्तम, फक्त टॉवरची हवा सगळ्या मोबाइलवाल्यांबरोबर वाटून घ्यायची हे लक्षात ठेवा. साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणारे उपग्रह जिथे काच पोचणारच नाही तिथे वरदान आहेत, जिथे काच पोचलीय तिथे कशाला.

आता ती मालकीची भानगड. दहाव्या महिन्यानंतर मी ठरवलं कंपनी बदलायची. दुसऱ्या कंपनीला फोन केला, पोरगा आला आणि ड्रिल काढलं. म्हटलं अरे वायर आहे की घरात, नुसतं तिकडचं टोक बदला. "नाही सर, ती त्यांची वायर." ड्रिल पुन्हा, वायर पुन्हा, स्प्लायसिंग पुन्हा, तोच खांब, तेच ०.०२. वीजमंडळ बदललं म्हणून कुणी घराचं वायरिंग उखडतं का? इथे चालतं, कारण काच ज्याने ओढली त्याची, आणि ग्राहक त्या काचेबरोबर बांधलेला.

असं असायलाच पाहिजे असं काही नाही. स्टॉकहोमने १९९४ मध्ये स्टोकॅब नावाची शहराच्याच मालकीची कंपनी काढली, ती नुसती काच घालते आणि सगळ्यांना सारख्या अटींवर भाड्याने देते, स्वतः इंटरनेट विकत नाही. न्यूझीलंडने सरकारी फायबर योजनेत उतरायचं तर आधी वेगळे व्हा असं जुन्या टेलिफोन कंपनीला सांगितलं आणि २०११ मध्ये तिचे दोन तुकडे झाले, नेटवर्क सांभाळणारी कोरस वेगळी, ग्राहकाला विकणारी वेगळी. तिथे कंपनी बदलली की काच तीच राहते. उलटं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. २००९ मध्ये जवळजवळ घराघरात फायबर न्यायचं ठरलं, २०१३ मध्ये सरकार बदललं, "एवढं कशाला, शेवटचा तुकडा जुनं तांबंच वापरू" म्हणून मिश्र नेटवर्क केलं आणि २०२० मध्ये त्याच तांब्यावरच्या घरांना फायबर द्यायची योजना जाहीर केली. एकच रस्ता दोनदा खणायचा.

माझं मत असं झालंय की तंत्रज्ञानाचा प्रश्न बऱ्यापैकी सुटलेला आहे, अडलंय ते मालकी आणि नियमांवर. नेट न्यूट्रॅलिटीचंच घ्या, म्हणजे कंपनीने सगळ्या साइटना सारखंच वागवायचं हा नियम, भारतात ट्रायने २०१६ मध्ये साइट बघून वेगळा दर लावायला बंदी केली, युरोपने कायदा केला, आणि अमेरिकेत २०१५ ला नियम आले, २०१७ ला काढायचं ठरलं, २०२४ ला पुन्हा आणले, २०२५ च्या जानेवारीत कोर्टाने उडवले. दक्षिण कोरियात नेटवर्क फीचं, म्हणजे व्हिडिओवाल्यांनी इंटरनेट कंपन्यांना पैसे द्यायचं, प्रकरण इतकं महाग पडलं की ट्विच या लाइव्ह व्हिडिओच्या साइटने २०२४ मध्ये तिथलं दुकान आवरलं. "व्हिडिओवाल्यांमुळे आमच्या पाइपवर भार पडतो" हे मला पटत नाही, तो व्हिडिओ मी मागवलेला असतो आणि पाइपचे पैसे मी दिलेले असतात, एकाच मालाचे दोन्ही दारांत पैसे कशाला?

एक गोष्ट मात्र अमेरिकेची उचलण्यासारखी आहे. तिथे २०२४ पासून ब्रॉडबँडच्या प्लॅनवर खाण्याच्या पाकिटावर असतं तसं लेबल लावावं लागतं, नेहमी मिळणारा स्पीड, अपलोड, लेटन्सी (म्हणजे पिंगचा वेळ), सगळे छुपे चार्ज. त्याच वर्षी ब्रॉडबँड कशाला म्हणायचं तो आकडाही २५ खाली ३ वर होता तो १०० खाली २० वर नेला. तुमच्याकडे लेबल नसेल तर तोंडानेच विचारा: अपलोड किती, पाळी कितीजणांत, आयपीव्ही६ आहे का, माझा राउटर चालेल का, करार मोडला तर काय. विकायला आलेला माणूस तिसऱ्या प्रश्नाला फोन काढून कुणालातरी विचारेल, विचारू द्या.

तर स्टार असे. काच: पाच. बसवणारा आणि लाइनमन: पाच. दिलेला राउटर: एक, तोही दिवे छान आहेत म्हणून. कस्टमर केअर: एक. प्लॅनची रचना: दोन. नवीन कंपनीबद्दल आत्ताच काही लिहीत नाही, अपलोड शंभर आहे आणि आयपीव्ही६ चालू आहे, चार महिन्यांत लाल दिवा नाही. जुनी वायर काढून न्यायला सांगितलं तर म्हणाले ठेवा, पुढे कधी परत आलात तर उपयोगी पडेल. त्यामुळे टीव्हीच्या मागे आता दोन पांढऱ्या वायरी लोंबतायत, एक चालू आणि एक बंद, दिसायला सारख्याच, म्हणून चालू असलेलीला लाल चिकटपट्टी गुंडाळलीय आणि त्यावर पेनने लिहिलंय, उणे १८.७.